नणंदेच्या नावावरचे पडदे

मालिका लिहिणाऱ्या त्या मुलाला मी फक्त चहा पाजणार होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ऐकल्यावर माझा हेतू चांगला होता हे कुणालाही पटणार नाही. हल्ली मलाही पटत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी इमारत त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांचा भाचा टीव्हीसाठी लिहितो. एका घरात राहणाऱ्या दोन घटस्फोटित आया, त्यांच्या पोरी आणि त्यांचे रोजचे घोळ, अशी एक विनोदी मालिका त्याच्या गळ्यात पडली होती. मुलगा गुणी होता, पण त्याचं अजून लग्नच व्हायचं होतं, तेव्हा घटस्फोट तर फारच लांबची गोष्ट. पहिल्याच भागात त्याचं घोडं अडलं. बाई त्याला दंडाला धरून माझ्याकडं घेऊन आल्या.

"तुझ्या नणंदेला विचारणं बरं दिसत नाही गं," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "उगाच जखमेवर मीठ. तू तिला रोज जवळून बघतेस. तूच सांग याला चार गोष्टी."

आता इथं थोडा खुलासा करणं भाग आहे. घटस्फोटित मी स्वतः आहे. माझ्याबरोबर राहते ती दातांची डॉक्टर, तीही घटस्फोटित आहे. मला एक मुलगी, तिला एक मुलगी. म्हणजे त्या मुलाला जी मालिका सुचत नव्हती, ती त्याच्या मावशीच्या भिंतीपलीकडं रोज चालू होती. पण इमारतीच्या माहितीप्रमाणे डॉक्टर माझी नणंद होती, संसार मोडून आलेली. मी तिला आधार देणारी भावजय होते. आणि माझे मिस्टर जहाजावर होते.

हे मी ठरवून केलं नव्हतं. जागा बघायला आलो तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "आपण दोघी एकमेकींच्या कोण?" डॉक्टर फोनवर आधीच स्वतःबद्दल सगळं सांगून मोकळी झाली होती. तिचा स्वभावच तो. सेक्रेटरींनी तिच्याकडं बघून सहानुभूतीनं मान हलवली आणि मग ते त्याच चेहऱ्यानं माझ्याकडं वळले. तो चेहरा मला सोसवेना. त्यांच्या डोक्यामागं कॅलेंडर होतं आणि त्यावर जहाज होतं. मी म्हटलं, "मी यांची वहिनी. हे जहाजावर असतात." कॅलेंडरवर त्या महिन्यात हत्ती असता तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

डॉक्टर खाली रस्त्यावर येईपर्यंत गप्प राहिली आणि मग फुटपाथवर बसून हसली. "जागा मिळाली ना, झालं तर. लोकांसमोर मी तुला वहिनी म्हणेन, तू मला वन्सं म्हण. पण अगं, त्या माणसाला केव्हातरी किनाऱ्याला लाव." मी म्हटलं, लावते.

तो काही किनाऱ्याला लागला नाही, कारण दरम्यान मी थोर झाले होते. नणंद-भावजय एका छताखाली इतक्या गोडीनं राहतात हे बघायला लोक कारण काढून घरी येत. सासवा मला सुनांसमोर उभी करत. जिन्यात कुणी विचारलं, "साहेब सध्या कुठल्या बंदरात?" तर माझी अकरा वर्षांची लेक नकाशातलं एखादं नाव पटकन सांगून टाके. त्या निमित्तानं तिचा भूगोल पक्का होतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तर तो मुलगा आला, मोबाइल मधे ठेवून बसला आणि म्हणाला, "म्हणजे मुलगी वडिलांकडं गेली की ती बाई खिडकीत बसून रडत असेल, नाही?"

मी एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मेकॅनिक पोचेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवणं हे माझं काम. समोरचा अडला की माझी जीभ आपोआप सैल सुटते. शिवाय खिडकीत बसून रडणारी बाई मला अजिबात मान्य नव्हती.

"कुठली खिडकी अन् कसलं रडणं," मी म्हटलं. "पहिल्या रविवारी ती सवयीनं दोन ताटं वाढते. मग दुसऱ्या ताटातलं परत भांड्यात ओतायला जीव होत नाही. मग ती आधी या ताटात जेवते, नंतर उठून त्या खुर्चीवर बसते आणि त्या ताटात जेवते. अपचन होतं. रडायला फुरसत कुठं असते?"

मुलगा हसता हसता थांबला. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"वन्संचं बघते ना," मी म्हटलं.

झालं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग मी त्याला बँकेचं सांगितलं. माहेरचं नाव पुन्हा लावल्यावर ती बाई नव्या नावानं सही करायला गेली. काउंटरवरचा माणूस सही बघून म्हणाला, ही तुम्ही नाही. तिनं जुन्या नावानं केली, तर म्हणाला, या आता राहिल्या नाहीत. शेवटी दोन्ही नावांच्या बायकांना संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत यावं लागलं. मग फोटोचं सांगितलं. नवऱ्याला कात्रीनं कापून काढला, पण त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. हात काढायचा तर खांदा जात होता. म्हणून हात ठेवला आणि त्यावर एक फुलाचं स्टिकर लावलं.

मुलगा पोट धरून हसायचा. एक सांगते. माझ्या आयुष्याच्या त्या दिवसांवर माझ्यासमोर कुणी असं हसलं नव्हतं. सगळे आधी 'बिचारी' म्हणायचे. इथं मला कुणी बिचारी म्हणत नव्हतं, कारण ती मी नव्हतेच. मला फार हलकं वाटत होतं. त्या हलकेपणात मी त्याला पडद्यांचं सांगून बसले.

पडद्यांचं असं झालं होतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं तेव्हा मी त्याचं नवं घर बघायला गेले. म्हणजे समोरच्या फुटपाथवरून, नुसतं बाहेरून. वॉचमननं हटकलं, "कोण पाहिजे?" खिडक्यांना पडदे नाहीत एवढंच मला दिसलं होतं. मी म्हटलं, "पडद्यांचं माप घ्यायला आलेय." माझं नशीब असं की ती नवी बायको आठवडाभर पडदेवाल्याचीच वाट बघत होती. वॉचमननं मला थेट वर नेऊन पोचवलं. तिनं मला कधी बघितलेलं नव्हतं. माझ्याकडं टेपही नव्हती. मी ओढणीला गाठी मारत सगळ्या खिडक्या मोजल्या. तिनं पाणी दिलं, चहा दिला, पंख्याखाली बसवलं, आणि हिरवा रंग कसा वाटतो म्हणून माझं मत विचारलं. मी म्हटलं, चांगला. इतक्या चांगुलपणानं वागलेल्या बाईला फसवायचं कसं? मी हिरवं कापड घेतलं, पडदे शिवून घेतले आणि वॉचमनच्या हाती पाठवले. पैसे न घेता गेलेल्या त्या प्रामाणिक पडदेवालीची ती अजून आठवण काढते, असं ऐकते.

हे जगात फक्त डॉक्टरला माहीत होतं. त्या दिवशी मी घरी येऊन तिला सांगितलं तेव्हा ती माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिली होती. तीही हसली होती, पण आधी बराच वेळ तिनं माझा हात धरला होता.

"हेही नणंदेचंच?" मुलानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पण पडद्यांचा रंग तेवढा बदल."

मालिका सुरू झाली. बाईंचा भाचा म्हणजे इमारतीचा भाचा. सगळ्यांनी मिळून खालच्या हॉलमध्ये बघायचं ठरलं. त्यासाठी कमिटीची सभा झाली. घटस्फोटावरची मालिका इमारतीच्या हॉलमध्ये दाखवावी का, यावर दोन तट पडले. लग्न झालेल्या मुली माहेरी आल्या असताना दाखवू नये, असं एकांचं म्हणणं. मग कधीच दाखवता येणार नाही, असं दुसऱ्यांचं. शेवटी 'केवळ मनोरंजन म्हणून, कुणीही बोध न घेण्याच्या अटीवर' परवानगी मिळाली. हे वाक्य सेक्रेटरींचं. ते पूर्वी जमीन मोजणी खात्यात होते आणि कुठल्याही गोष्टीची हद्द आखल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

दोन ताटांचा भाग झाला त्या रात्री हॉलमधली सगळी डोकी आधी टीव्हीकडं आणि मग डॉक्टरकडं वळली. बाईंनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दर रविवारी कुणी ना कुणी तिला जेवायला बोलवायला लागलं. बँकेच्या भागानंतर सेक्रेटरींनी तिला लिफ्टमध्ये गाठून सही बदलण्याची रीतसर पद्धत समजावून सांगितली. लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबली तरी त्यांचं चालूच होतं.

डॉक्टर घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अगं, हे काय चाललंय?"

"बाईंच्या भाच्याला मी थोडी उदाहरणं दिली."

"कुणाची?"

मी गॅसवरच्या दुधाकडं बघत राहिले.

"माझ्या खुर्चीत पेशंट असतो," ती म्हणाली. "त्याच्या दाढेत माझं मशीन असतं. तरी तो माझ्याकडंच दयेनं बघतो. माझ्या आयुष्यात जे झालं ते मी कधी कुणापासून लपवलं नाही. पण हे माझं नाही. तुझं तू सांग त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

मी खरंच सांगायला गेले होते. बाईंच्या दारात उभी राहिले, बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि आतल्या पाहुणीला म्हणाल्या, "ही बघ, मी सांगत होते ना तुला, तीच ही." पाहुणी मला बघायला उठून बाहेर आली. अशा वेळी माणूस काय बोलणार? मी वाटीभर साखर मागितली आणि परत आले. मग त्या मुलाला फोन केला आणि निदान पडद्यांचा भाग काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, वाहिनीला तोच सगळ्यात जास्त आवडलाय."

इकडं डॉक्टरनं भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. तिनं एकच केलं. दार लावून आम्ही दोघीच घरात असल्या तरी ती मला 'वहिनी' म्हणायला लागली. "अहो वहिनी, दूध उतू जातंय." "वहिनी, तुमचा फोन वाजतोय." इतक्या अदबीनं मला माझ्या सख्ख्या सासरीही कुणी वागवलं नव्हतं. आणि मग एके दिवशी ती खोकी घेऊन आली. दवाखान्याजवळ तिला दोन खोल्यांची जागा मिळाली होती. तिची सहा वर्षांची मुलगी चिमणी आपली खेळणी खोक्यात टाकायची आणि माझी लेक ती हळूच बाहेर काढून ठेवायची.

ती जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. भाड्याचा प्रश्न नव्हता. दिवसभर परक्यांना धीर देऊन घरी आल्यावर "काय, आज किती अडकले?" असं विचारणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. तिला जाऊ नकोस म्हणायचं तर आधी खाली जाऊन खरं सांगायला हवं होतं. रोज सकाळी मी ते ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी माझं कौतुक करून माझा धीर खच्ची करायचं.

पडद्यांचा भाग लागायचा होता त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला. 'आदर्श भावजय' म्हणून. मी नको म्हटलं, तर माझ्या नम्रतेचाही उल्लेख भाषणात करायचं ठरलं.

आधी मालिका झाली. टीव्हीवरच्या बाईनं ओढणीला गाठी मारून खिडकी मोजली आणि हॉल हसून लोळला. खुर्च्या करकरल्या. नव्या बायकोनं तिला पंख्याखाली बसवलं तेव्हा एकदोघींनी डोळे पुसले. मुलानं रंग बदलला नव्हता. पडदे हिरवेगार होते. पहिल्या रांगेत बसलेली माझी लेक एकदम मागं वळली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. दर शनिवारी ती त्याच पडद्यांच्या घरी झोपते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सेक्रेटरी उठले. नणंदेचे असे एकेक प्रकार पोटात घालून तिला सांभाळणारी, नवरा समुद्रावर असताना घर धरून बसलेली, असं बरंच काही बोलले. भिंतीशी उभी असलेली डॉक्टर जमिनीकडं बघत होती. सेक्रेटरींनी गुच्छ पुढं केला. मी तो घेतला नाही.

"हे सगळं मी केलंय," मी म्हटलं. "ताटं मी वाढली होती. पडदे मी शिवून दिले होते. यांनी नाही. या माझ्या नणंद नाहीत. माझासुद्धा घटस्फोट झालाय."

मग बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे वाजवायला लागले.

"बघितलंत?" सेक्रेटरी सगळ्यांकडं वळून म्हणाले. "नणंदेची लाज झाकायला ही बाई स्वतःच्या नावाला काळं फासून घ्यायला तयार आहे."

"अहो, खरंच सांगतेय मी."

"आम्हाला कळतंय, वहिनी. सगळं कळतंय."

डॉक्टर पुढं आली. "ती खरं बोलतेय. आमचं काही नातं नाही. आम्ही नुसत्या एकत्र राहतो." यावर मागून कुणीतरी म्हणालं की नणंदही तितकीच मानी आहे, भावजयीवर बोल येऊ देत नाही. टाळ्या वाढल्या. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या टाळ्यांत मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मी खरं सांगून टाकलं होतं आणि माझं काहीच बिघडलं नव्हतं. घरी जाऊन डॉक्टरला तसं म्हणता आलं असतं.

तेवढ्यात माझी लेक खुर्चीवरून उठली.

"पडदे आईनंच दिलेत," ती म्हणाली. "बाबांच्या घरी लागलेत. बाबा जहाजावर नाहीत. ते पुलापलीकडं राहतात. शनिवारी मला न्यायला येतात आणि रविवारी सोडायला येतात, पण औषधाच्या दुकानापाशी थांबतात. इथं कुणी बघायला नको म्हणून. तिथून मी एकटी येते. पाऊस असला तरी एकटीच येते. मग जिन्यात कुणीतरी विचारतं, बाबा कुठल्या बंदरात आहेत."

तिनं श्वास घेतला. "मला आता बंदरांची नावं सांगायची नाहीत."

कुणी टाळी वाजवली नाही. जिन्यात तिला विचारणारे सगळे त्याच हॉलमध्ये होते आणि आता आपापल्या चपलांकडं बघत होते. सेक्रेटरींच्या हातात गुच्छ तसाच होता. तो कुणाला द्यावा याची हद्द त्यांना काही आखता येईना. शेवटी त्यांनी तो चिमणीच्या हातात दिला आणि खाली बसले. बाई तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या. "एकटी येत होती ती?" त्यांनी विचारलं. "रस्ता ओलांडून?" मला मान वर करता आली नाही.

वर आल्यावर डॉक्टर एका बांधलेल्या खोक्यावर बसली.

"अगं," ती म्हणाली. त्या एका शब्दानं माझे डोळे भरून आले, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. "लगेच रडू नकोस. खरं ती बोलली, तू नाही."

"मी आधी बोलले होते."

"बोललीस. आणि टाळ्या पडल्यावर गप्प बसलीस. मी बघत होते तुझ्याकडं."

जहाजाची ही थाप मी माझ्या अब्रूसाठी मारली होती आणि तिची किंमत डॉक्टर मोजतेय, असं मी इतके दिवस धरून चालले होते. रविवारी संध्याकाळी खांद्यावर दप्तर घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माझ्या लेकीला मी 'आलीस का' एवढंच विचारत होते. कुठून आलीस, कशी आलीस, हे कधीच विचारलं नव्हतं. ते माहीत होतं म्हणूनच विचारलं नव्हतं.

"खोक्यांचं काय?" मी विचारलं.

"आज विचारू नकोस," डॉक्टर म्हणाली आणि चिमणीच्या हातातला गुच्छ पाण्यात ठेवायला उठली.

लेक स्वयंपाकघरात होती. ओट्याला टेकून ती तिच्या बाबांशी फोनवर बोलत होती. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"बाबा, या रविवारी तुम्ही वरपर्यंत या. हो, घरापर्यंत. बेल वाजवा. चालेल, सगळ्यांना माहीत झालंय." ती थोडं ऐकत राहिली. "मीच सांगितलं. नाही, मला कुणी रागावलं नाही. आणि बाबा, पडदे आईनं दिलेत हे काकूंना सांगू नका. त्यांना ते खूप आवडतात."

मग तिला मी दिसले. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज जरा खाली आणला.

"नाही, आई काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "नुसती उभी आहे."